विल्यमचा जेकब

मी माझ्या घरमालकाला चुकीचा पणजोबा काढून दिला.

ही दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात मी पुलांवर पीएच.डी. करत होतो. पूल का हलतात, किती हलले तर चालतं, असा काहीतरी विषय होता. सांगलीला घरी हे सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "हलणारे पूल तर इथेही आहेत." माझा रूममेट मंदार पुण्याचा, फिजिक्सवाला. आम्ही एका म्हाताऱ्याच्या घराच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. खाली तो एकटा राहायचा. युनिव्हर्सिटीच्या बॉयलर हाउसमधून निवृत्त झालेला, उंच, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पँटला पट्ट्याऐवजी खांद्यावरून गॅलिस. आम्ही त्याला आपापसात आप्पा म्हणायचो. कारण मंदारच्या आजोबांसारखाच तोही प्रश्नाला उत्तर म्हणून प्रश्नच द्यायचा. आणि एकदा आप्पा म्हटल्यावर अरे-तुरे करवेना, म्हणून पुढे मी 'ते'च म्हणणार आहे.

घर बघायला गेलो तेव्हा बाकीचे घरमालक विचारतात तसं, सिगरेट ओढता का, स्वयंपाकाला वास येतो का, हे आप्पांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमचे पणजोबा काय करायचे?"

मंदार पापणीही न लवता म्हणाला, "शेती." नंतर जिन्यात मला म्हणाला, "यार, पणजोबा कुणाचेही असू देत, शेतीच करत असणार."

मला एवढ्यावर थांबता येत नाही. मी खिशातून पासपोर्ट काढला आणि आप्पांना भाषण दिलं. आमच्याकडे माणसाचं मधलं नाव म्हणजे त्याच्या बापाचं नाव. बापाच्या नावात आजोबा, आजोबांच्या नावात पणजोबा. म्हणजे नावातच वंशावळ, शोधाशोध करायची गरजच नाही. आप्पांनी एका पाकिटाच्या पाठीवर माझी चार नावं एकाखाली एक लिहून घेतली. सगळ्यात खाली पणजोबा, गोविंद.

"दिसायला कसा होता हा गोविंद?"

"माहीत नाही."

"करायचा काय?"

"तेही माहीत नाही. श्राद्धाच्या वेळी वडील नाव घेतात, म्हणून नाव माहीत आहे."

आप्पांनी पाकीट फ्रिजवर लोहचुंबकाने लावलं. म्हणाले, "तुझ्याकडे नाव आहे, माणूस नाही. माझ्याकडे माणसं दोन आहेत, आणि माझ्या आजोबांना बाप एकच पुरेसा होता."

ती दोन माणसं म्हणजे दोन जेकब. दोघे चुलतभाऊ, एकाच गावचे. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी पेटली तेव्हा दोघे उत्तरेच्या एकाच तुकडीत भरती झाले आणि एकाच दिवशी पकडले जाऊन जॉर्जियात दक्षिणेच्या कैदी तळावर पोचले. तो तळ म्हणजे उंच लाकडी कुंपण घातलेलं एक उघडं मैदान. ना छप्पर, ना सावली, पाण्याला एक ओढा, तोही घाण. दोघांपैकी जेकब हेन्री तिथेच मेला. जेकब विल्यम जगला, पण कसा? कैद्यांनी महिनाभर खपून खणलेलं भुयार त्याने मूठभर तंबाखूसाठी पहारेकऱ्यांना दाखवून दिलं. सोबत्यांनी धरून त्याचं अर्धं डोकं भादरलं, म्हणजे फितूर लांबून ओळखू यावा. लढाई संपल्यावर तो घरी आला, आठवडाभर राहिला आणि पश्चिमेकडे कुठेतरी निघून गेला तो कायमचा.

आता गंमत अशी, की दोघांच्याही बायका गावात होत्या आणि दोघींच्याही कडेवर एकेक मुलगा होता. दोघींनीही सांगायला सुरुवात केली, की माझा नवरा तळावर मेला. गावाला खरं ठाऊक असणारच. पण गावाने दोघींनाही 'हो' म्हटलं. पुढे जाणते लोक गेले आणि सव्वाशे-दीडशे वर्षांनी मागे राहिली दोन घराणी, दोघांचाही दावा मेलेल्या जेकबवर. एका घराण्यात आप्पा. दुसऱ्यात एडना, नात्याने त्यांची दूरची चुलत बहीण, वयाने त्यांच्याहून मोठी. दोघांत तीस वर्षं सरळ बोलणं नव्हतं.

आप्पांकडे पुरावा एवढाच, की घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर त्यांच्या पणजोबांची नोंद होती: 'विल्यमचा मुलगा जेकब'. कुठला जेकब, ते नाही.

त्यामुळे की काय, आप्पांना कागदाशिवाय काही खरं वाटायचं नाही. उद्या बर्फ पडणार आहे म्हटलं की, "कागद कुठे आहे?" मंदारने एकदा लाजत लाजत सांगितलं, की पुण्यात एका मुलीशी त्याचं जमलं आहे. आप्पा म्हणाले, "अभिनंदन. कागद?"

मागच्या अंगणात कुंपणापासून सात-आठ पावलं आत त्यांनी गुडघ्याएवढ्या खुंट्यांवर एक लाकडी पट्टी ठोकली होती. तळावर असंच असायचं म्हणे. ती पट्टी ओलांडली की मचाणावरचा पहारेकरी गोळी घालायचा. पट्टीपलीकडचं गवत आप्पा स्वतःही कापत नसत. तिथे पिवळी रानफुलं माजलेली. आम्ही अंगणात टेनिसच्या बॉलने क्रिकेट खेळत होतो आणि मंदारचा एक फटका पलीकडे गेला. मी पट्टी ओलांडून बॉल आणला. ओसरीवरून आप्पा शांतपणे म्हणाले, "मेलास."

मी हसलो. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मेलेल्या माणसाशी काय बोलणार? त्या संध्याकाळी माझ्यादेखत मंदारला म्हणाले, "तुझा रूममेट चांगला होता. भांडी घासायचा." मंदारने मान खाली घातली आणि म्हणाला, "हो, चुकल्याचुकल्यासारखं होतं."

ऑगस्टमधला एक दिवस ते पाळायचे. जेकब हेन्रीच्या मृत्यूची तारीख तळाच्या नोंदवहीत होती. त्या दिवशी आप्पा कैद्यांचं जेवण जेवायचे. मक्याची कणसं वाळवून, दाणे न काढता, मधल्या दांड्यासकट लोखंडी हातचक्कीत दळायची आणि त्या भरड पिठात पाणी घालून तव्यावर एक जाड पोळा भाजायचा. मीठ नाही, तूप नाही. दिवसभरात तेवढाच. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मला काय, जेवण म्हटल्यावर मी दुपारपासून पोट रिकामं ठेवलं होतं. समोर तो पोळा आला आणि मला वाटलं, वा, मक्याची भाकरी. मी धावत वर गेलो आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा घेऊन आलो. वर शेंगतेल घातलं आणि आप्पांच्याही ताटात मोठ्या प्रेमाने वाढलं. शिवाय आणखी एक मागितली.

आप्पांनी ठेच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुला कळतंय ना, की माणसं हे खाऊन मेली?"

मंदारने टेबलाखालून मला लाथ घातली. मी आपलं सांभाळून घ्यायला सांगितलं, की आमच्याकडेही असतं हे, श्राद्ध म्हणतात, फक्त आम्ही त्या दिवशी पोटभर जेवतो. आप्पांनी ठेचा ताटाच्या कडेला सारला. मग विचारलं, "आणि तुमचा कुठला माणूस, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते?"

"छे," मी म्हटलं. "नावं ठरलेली असतात."

त्याच हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या तळघरात त्या तुकडीच्या कागदांच्या मायक्रोफिल्म आल्या होत्या. आयुष्यभर ज्या कागदाची वाट पाहिली, तो कदाचित त्या रिळांत असणार आणि आप्पांना ते वाचता येईना. त्यांनी मला विचारलं. मंदारला नाही. कारण मी पणजोबांबद्दल पासपोर्ट काढून बोललेला माणूस होतो.

मी गेलो. सहा रिळं होती. पहिलं लावलं आणि दहाव्या मिनिटाला दोन्ही जेकब सापडले, समोरासमोरच्या दोन कार्डांवर. जेकब हेन्री. जेकब विल्यम. मी खुर्चीत मागे टेकलो. तीस वर्षांत या माणसाच्या लक्षात आलं नाही? बायबल म्हणतं विल्यमचा मुलगा. मग जेकब विल्यम म्हणजेच विल्यमचा जेकब. स्वच्छ आहे. पुढची पाच रिळं मी हातही न लावता परत केली आणि कॅफेटेरियात जाऊन कॉफी घेतली. कॉफी पिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, ते आठवतं.

वाईट एवढंच होतं, की जेकब विल्यम हा तंबाखूवाला होता. पण आपण संशोधक माणसं. सत्य ते सत्य.

आप्पा स्वयंपाकघरात बसले होते. मी सांगितलं, "तुमचा जेकब विल्यम."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कागद?"

"कागदावर आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"शंभर टक्के."

आता हे खोटं होतं असं मला तेव्हा अजिबात वाटलं नाही. नाव कागदावर होतंच. कशावरून ठरवलं, ते त्यांनी विचारलं नाही. एरवी प्रश्नाशिवाय न बोलणाऱ्या माणसाने नेमका तिथे प्रश्न विचारला नाही. त्यांना वाटलं, मुलगा शिकलेला आहे, सहा रिळं पाहून आला आहे. ते उठले, हातचक्की ओट्यावरून काढली, पुसली आणि एका खोक्यात ठेवली. खोक्यावर जाड पेनाने लिहिलं, 'एडना'.

मंदारला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "तू बाकीची रिळं तरी बघायचीस, यार." मी म्हटलं, उत्तर सापडल्यावर पुढची पानं कोण उलटतं? यावर तो म्हणाला, "तुझा गाइड तुला का ओरडतो, ते आता कळलं."

जुलैमध्ये दोन्ही घराण्यांचा वार्षिक मेळावा असायचा, चाळीस मैलांवरच्या त्यांच्या मूळ गावी, नदीकाठच्या बागेत. आप्पांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी नेणार होतो. सकाळी खाली आलो तर आप्पा स्वयंपाकघरात तयार होऊन बसलेले. डोक्याची उजवी बाजू गुळगुळीत, कानाच्या वर कापल्याची लाल रेघ. डावीकडे मात्र सगळे पांढरे केस जागच्या जागी. मला वाटलं, मोतीबिंदू.

मी हळूच म्हटलं, "एक बाजू राहिली."

"राहिली नाही. ठेवली."

गाडीत खोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी रेडिओ लावला, त्यांनी बंद केला.

मेळाव्याला साठेक माणसं असतील. लांबलचक टेबलांवर ज्याने त्याने घरून करून आणलेलं ठेवलेलं, बटाट्याचं सॅलड, हॅम, लाल जेलीत अडकलेली गाजरं. आप्पांचं डोकं पाहून पोरं गप्प झाली. मोठी माणसं मुद्दाम हवापाण्याबद्दल बोलू लागली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एडना बसलेली. बुटकी, फुलाफुलांचा ब्लाउज, शेजारी वॉकर. तिने एकदा त्या डोक्याकडे पाहिलं आणि काटा खाली ठेवला.

जेवणं झाल्यावर आप्पा उभे राहिले. म्हणाले, "तीस वर्षं मी एडनाशी भांडलो. मी चूक होतो. मेलेला जेकब तिचा आहे. तंबाखूवाला माझा. त्या भुयारातून जे बाहेर पडू शकले असते, त्यांत तिचा पणजोबा असता. माझ्या माणसाने ते होऊ दिलं नाही. त्याने कधी माफी मागितली असं दिसत नाही, म्हणून मी मागतो." आणि खोकं उचलून, टेबलाच्या कडेकडेने चाचपडत, तिच्यासमोर नेऊन ठेवलं. "ऑगस्टचा दिवस तुझा. मला तो पाळायचा हक्क नाही."

एडनाने खोक्याकडे पाहिलंच नाही. विचारलं, "कागद कुठे आहे?"

हा प्रश्न घराण्यातलाच आहे, हे मला तेव्हा कळलं. आप्पांनी माझ्याकडे बोट केलं.

मी हातात प्लेट घेऊन उभा राहिलो. साठ माणसं माझ्याकडे बघत होती. आणि श्रोते दिसले की माझं काय होतं, ते वर आलंच आहे. मी पहिल्यापासून सांगितलं. मधलं नाव, बाप, आजोबा, पासपोर्ट. जेकब विल्यम, म्हणून विल्यमचा जेकब. शेवटी हात पसरून थांबलोसुद्धा.

मग एडना म्हणाली, "पोरा, माझं मधलं नाव रोझ आहे."

"हो?"

"माझ्या वडिलांचं नाव रोझ नव्हतं."

मी म्हणालो, "बायकांचं वेगळं असेल." म्हणायला नको होतं. कॅप घातलेला एक गृहस्थ मागून म्हणाला, "माझं मधलं नाव डॉक्टरचं आहे. माझ्या आईचं बाळंतपण ज्याने केलं, त्याचं. तुझ्या हिशेबाने तू माझ्या आईला नक्की काय म्हणतोयस?"

लोक हसले. आप्पा हसले नाहीत. मला म्हणाले, "पुढची रिळं?"

"नाही पाहिली."

"एकही?"

"एकही नाही."

त्यांनी खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली. मला वाटलं, आता हा माणूस मला या नदीत ढकलणार. पण खरं सांगायचं तर त्यांच्या दृष्टीने वाईट काहीच झालं नव्हतं. काही सिद्ध झालं नव्हतं, म्हणजे भांडण होतं तिथेच होतं. खोकं उचलून घरी जायचं आणि पुढची तीस वर्षं पुन्हा मेलेल्या जेकबवर हक्क सांगायचा. एडनालाही तेच सोयीचं होतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं.

ती म्हणाली, "बस. आणि टोपी काढ."

आप्पा बसले. टोपी काढली.

"आमच्या घरात कुणी तंबाखूला हात लावत नाही," ती म्हणाली. "बाप नाही, भाऊ नाहीत. का, ते कुणी सांगायचं नाही. मी एकोणीस वर्षांची असताना माझी आजी आजारी पडली, तेव्हा तिने मला सांगितलं. विल्यम आणि हेन्री सख्खे भाऊ. दोघांचा एकमेकांवर फार जीव. दोघांनी मुलगा झाल्यावर त्याला मधलं नाव भावाचं दिलं. विल्यमचा तो जेकब हेन्री. हेन्रीचा तो जेकब विल्यम. मेलेला तुझा. तंबाखूवाला आमचा."

आप्पांचे ओठ हलले. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून आलं, पण अगदी हळू, "कागद?"

"मीच कागद," एडना म्हणाली. "मी बोलणार नव्हते. तू असं डोकं करून माझ्या माणसाच्या वतीने माफी मागायला आलास. आता मी कुठे बघू?"

खोकं तिने ठेवून घेतलं. म्हणाली, ऑगस्टमध्ये मी घेऊन येईन.

परतीच्या वाटेवर मी आप्पांना सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "तू 'कागदावर आहे' म्हणालास." मी म्हटलं, "हो." घराच्या दारात गाडीतून उतरताना मात्र म्हणाले, "तो गेला कुठे?"

"कोण?"

"दुसरा. पश्चिमेला गेला म्हणतात. अर्ध्या डोक्याचे केस वाढेपर्यंत टोपी घालत असेल. पुढे काय केलं असेल त्याने? कुणी विचारलंच नाही कधी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेली रिळं बघायला लायब्ररीत मंदारला पाठवलं.

त्या आठवड्यात कॉलिंग कार्डावरून घरी फोन केला तेव्हा मी बाबांना सहज विचारलं, की पणजोबा गोविंद करायचे काय.

बाबा म्हणाले, "कुठले पणजोबा विचारतोस? नावातले की खरे?"

"म्हणजे?"

"अरे, आजोबा दत्तक आले होते ना या घरात. चार वर्षांचे होते. जमखंडीकडून आणलं त्यांना. तुला सांगितलं नव्हतं का?"

"मग खऱ्या पणजोबांचं नाव काय?"

"आत्याला ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "पण आत्या आता नाही."

ऑगस्टच्या त्या दिवशी एडना चक्की घेऊन आली, नातू गाडीतून सोडून गेला. आप्पांच्या डोक्याच्या उजव्या बाजूचे केस तोवर अर्ध्या पेराएवढे वाढले होते. डावीला त्यांनी कात्री लावली नव्हती. आम्ही चौघं टेबलाशी बसलो. या वेळी मी ठेचा वरच ठेवून आलो होतो. आप्पांनीच मंदारला आणायला पाठवलं. एडनाने नखभर घेतला, डोळे पुसले आणि आणखी नखभर घेतला.

मग मी दत्तकाची गोष्ट सांगितली. लपवून काय उपयोग? आप्पा उठले, फ्रिजवरचं पाकीट काढलं, डोळ्यांजवळ नेलं आणि पेन्सिलने 'गोविंद'वर काट मारून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. पाकीट परत जागेवर लावलं.

"म्हणजे माझाही चुकवलास आणि तुझाही," ते म्हणाले.

एडनाने मला विचारलं, "तू इथे शिकतोस तरी काय?"

"पूल," मी म्हटलं. "पूल बांधायला शिकतो."

तिने हातातला पोळ्याचा तुकडा ताटात ठेवला आणि आप्पांकडे वळून म्हणाली, "हा कुठली नदी घेणार आहे, ते विचारून ठेव. मी लांबून जाईन."